चार बोटं

कौतिका झोपली तरी तिचे डोळे मिटत नव्हते.
खालची पापणी उतरलेली,
उन्हाळ्यात बोडीचं पाणी काठ सोडून उतरतं तशी,
आणि बुबुळाखाली पांढरी कोर,
उघड्या पडलेल्या तळासारखी.

गळ्यातल्या गाठीनं आधी अंगातलं मांस नेलं,
मग झोप,
मग हे.
गावात म्हणू लागले, काटेवाल्याची बायको डोळे वटारते.
बारशाची बोलावणी थांबली.
"मी कोनाले पायत नाई गा," ती म्हणायची,
"डोराच पायते."

काटेवाला म्हणजे मी.
राइस मिलमध्ये धान मोजतो.
काट्याच्या पाटाखाली एक लाकडी चकती आहे,
मालकानं पहिल्या हंगामात स्वतः सरकवलेली.
पोत्यामागे सव्वा किलो गिळते, आवाज न करता.

रात्री आलो की कोंडा अंगणातच झटकायचा,
तिच्या डोळ्यात जायला नको.
मग मलम. मग कागदी पट्टी.
पट्टी घामानं सुटायची अकराच्या आत
आणि ती कोर पुन्हा माझ्याकडे.
तेव्हा मी तिला दिवसभराचं सांगायचो.
आज डोमाजी उईक्याची अठरा पोती.
साडेबावीस किलो.
त्यानं आकडा वाचला, मान डोलावली, बिडी दिली मला.
झोपलेल्या माणसाला सांगितलं
की सांगितल्यासारखं होतं,
आणि कुणी ऐकलेलं नसतं.

नागपूरला, मेडिकलमध्ये,
तिजारे डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर पापणी काढली.
आतून टेकू द्यावा लागेल, म्हणाल्या,
गोठ्याच्या आढ्याला देता तसा.
पांढऱ्या प्लास्टिकचा मिळतो, बारीक भोकांचा, पण महाग.
कुणी दान केलेल्या डोळ्याचं पांढरं चालतं.
टाळूची कातडी चालते.
नाहीतर कानाची कूर्चा.
कौतिकानं कानाला हात लावला.
"घरचंच घ्या बाई."

नखाएवढी निघाली म्हणे,
वास्त्याच्या आतल्या पदरासारखी, वाकडी, कोवळी.
डाव्या पापणीत बसवली
आणि पापणी शिवून टाकली आठवडाभर.
त्याच अवस्थेत ती हसली.
"कानामागून आली अन् तिखट झाली, आता पायजा."
टाका ओढला गेला, कळवळली,
पुन्हा हसली.

माझा बाप म्हणायचा,
खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर,
कानापासून डोळ्यापर्यंत.
वॉर्डातल्या स्टुलावर बसून मी मोजलं ते तिच्या चेहऱ्यावर,
बोटं न टेकवता.
उजवीकडे चार.
डावीकडे कान स्वतःच चालत गेला होता डोळ्यात.
डावीकडे मी मोजणं सोडून दिलं.

घरी आल्यावर पहिल्या रात्री
डावा डोळा पूर्ण मिटला.
बोडी काठोकाठ भरावी तसा.
उजवा पापणीखाली अजून उघडा, त्याची तारीख फेब्रुवारीची,
पण ती त्या कुशीवर झोपली होती
आणि माझ्याकडे फक्त हा, नवा,
लाल टाक्यांची रेघ असलेला, बंद.
मी सुरुवात केली. उईक्याचं झालं.
पुढे शब्दच येईना.
बंद दाराशी कोण बोलतं?
नळीचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं.
बाहेर कुणाचा तरी रेडा दोर ओढत होता.

"थांबले काहून?"
डोळा न उघडता ती म्हणाली.
"उईक्याचे साडेबावीस झाले.
मागच्या साली बी त्याचे उन्नीस होते.
पुढचं सांगा."

सहा वर्षं.
सहा हंगाम ती जागी होती,
की झोपेतच ऐकत होती,
विचारायची हिंमत झाली नाही.

"वरा," मी म्हटलं, "उजव्यात मलम घालू दे."
ती वळली.
माझा हात हलला, अर्धं गालावर गेलं.
तिनं ते बोटानं पुसलं, लुगड्याला लावलं
आणि वाट पाहत राहिली.

मिल सातला उघडते.
चकती कुठे आहे
ते मला अंधारातही सापडेल.